‘हर्षवायू’ म्हणजे लाफिंग गॅस नव्हे

‘नायट्रस ऑक्साइडला मराठीत हर्षवायू म्हणतात,’ असा मेसेज फिरतोय. चूक. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने 1800 साली ज्याचे प्रयोग छापले, तो नायट्रस ऑक्साइड म्हणजे हास्यवायू, लाफिंग गॅस. हर्षवायूतला वायू बाटलीत भरता येत नाही. तो आयुर्वेदातला वात. अर्धांगवायूत कुठे गॅस असतो? तापात माणूस बरळू लागला की घरातली म्हातारी माणसं ‘वात झालाय’ म्हणत, तसंच हे: आनंदाच्या भरात भान सुटणं.

म्हणून हर्षवायू ‘होतो’. शिवाय त्यात चिमूटभर थट्टा असते. ‘जावई अमेरिकेतला म्हटल्यावर मामींना हर्षवायूच झाला!’ हे फक्कड. पण लग्नपत्रिकेत ‘कळविण्यास हर्षवायू होत आहे’ छापलंत, तर पाहुणे डॉक्टर घेऊन येतील.