खर्रा न सोडता तोंड सुगंधी कसे ठेवावे

पीककर्जासाठी बँकेच्या साहेबांसमोर बसायचे असो की मुलीकडचे पाहुणे घरी येणार असोत, तोंडाच्या वासापायी खर्रा सोडण्याचा अविचार आपण मुळीच करू नये. पानठेलेवाल्याने पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना इतक्या निष्ठेने घोटून द्यावा आणि आपण तो नाकारावा, हे माणुसकीला धरून नाही. त्यापेक्षा तालुक्याच्या मेडिकलमधून माउथवॉशची बाटली आणावी. मागचे बारीक अक्षर वाचू नये, केवळ रंग पाहावा.

वास तयार होतो तो बहुधा जिभेच्या मागच्या भागावरील पांढरट थरात आणि हिरड्यांच्या खाचांत. तिथे हवेविना जगणारे जिवाणू अन्नातील आणि लाळेतील प्रथिने फोडतात व त्यातून हायड्रोजन सल्फाइड, मिथाइल मरकॅप्टन असे गंधकयुक्त वायू सुटतात. म्हणून आपण गुळणी ओठांपाशीच खेळवून अंगणात थुंकावी. मागच्या मंडळींची झोपमोड कशाला? पट्टीने जीभ खरडणे तर जवळजवळ फुकटात होते, त्यामुळे त्यात काही प्रतिष्ठा नाही.

झोंबत नसेल ते औषध खरे समजू नये. काही माउथवॉशमध्ये वीस टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असते. ते तिथे मुख्यतः थायमॉल, निलगिरी, पुदिना यांची तेले विरघळवून ठेवायला असते आणि एवढ्या प्रमाणात स्वतः फारसे जंतू मारत नाही, ही माहिती कोणाला सांगू नये. (१९९३ पासून दारूबंदी असलेल्या गडचिरोलीतील वाचकांनी तर अजिबात नाही.) जस्ताचे क्षार असलेली बाटली दुर्गंधी वायूंतील गंधकालाच बांधून टाकते, पण त्यात डोळ्यांत पाणी येण्याचा आनंद कुठे?

डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडिन दिले आणि ‘दोनच आठवडे वापरा’ असे बजावले, तर ते वर्षभर चालवावे. हे द्रव्य दातांना आणि तोंडाच्या आतल्या त्वचेला चिकटून राहते आणि कित्येक तास जिवाणूंना वर येऊ देत नाही. बदल्यात जिभेची चव जाते आणि दातांवर तपकिरी डाग चढतात. खर्र्याने आधीच रंगवलेल्या दातांवर हा दुसरा हात समजावा. ते टूथपेस्टच्या फेसावरच ओतावे, म्हणजे फेस करणारे रसायन त्याचा गुण मारून टाकेल आणि पैसे सत्कारणी लागतील. पालेभाजीतील नायट्रेटचे रूपांतर करून रक्तदाब आटोक्यात ठेवायला मदत करणारे जिभेवरचे गुणी जिवाणूही त्याने मरतात, पण सुक्यासोबत ओले जळायचेच.

पुढे सुपारीने गालाची आतली त्वचा ताठर झाली, ठेचाच काय, साधे फोडणीचे वरणही झोंबू लागले आणि एकावर एक धरलेली तीन बोटे तोंडात जाईनाशी झाली, तर दवाखान्याची घाई करू नये. तोंडच उघडत नसल्याने वास बाहेर पडायची सोय उरत नाही, शिवाय गुळणीही अर्ध्या झाकणाचीच मावत असल्याने एक बाटली दुप्पट दिवस पुरते.