मारायला चाळीस, सहीला एकही नाही

गेल्या गुरुवारी संध्याकाळी कोल्हापुरात आमच्या गल्लीत एका बोहारणीला लोकांनी मारलं. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बाई, साठीच्या पुढची. पेठेत कितीतरी वर्षं फिरते. माझ्या स्वयंपाकघरातला साखरेचा डबा तिच्याकडचाच, आईच्या दोन सुती साड्या देऊन घेतलेला. त्या दिवशी ती एका घराच्या पायरीवर टेकली होती आणि समोर खेळणाऱ्या चार वर्षांच्या पोराला तिनं लिमलेटची गोळी दिली. सकाळपासून व्हॉट्सॲपवर एक ऑडिओ फिरत होता की मुलं पळवणारी टोळी आलीय, बायका आहेत, गोळ्या देतात. पोराच्या हातात गोळी बघून कुणीतरी ओरडलं आणि पाच मिनिटांत चाळीसएक माणसं जमली.

"हाण तिला." "सोडू नका." "पोलिसात दिली तर उद्या सुटून येणार." हे शेवटचं मी वेगवेगळ्या तीन तोंडांतून ऐकलं.

ती रस्त्यावर पडली होती. "न्हाई वं, गोळीच दिली फकस्त," एवढंच म्हणत होती. बोचकं सुटून साड्या गटारीत गेल्या होत्या, एक पातेलं लाथेनं पार चेपलं होतं. पोरगं आईच्या कडेवर, गोळी अजून तोंडात, भेदरून रडत होतं. मी मध्ये शिरले तर माझ्याकडे शिकवणीला येऊन गेलेला एक मुलगा, आता स्वतः दोन लेकरांचा बाप, मला म्हणाला, "बाई, तुम्ही मधी पडू नका. कोर्टात काय हुतंय ते तुम्हाला तर ठाऊकच हाय."

ठाऊक आहे. २०१७ साली पहाटे रंकाळ्यावर फिरताना माझं मंगळसूत्र हिसकावलं. चार महिन्यांनी चोर सापडला, सोनं सापडलं ते वितळवून केलेल्या लगडीच्या रूपात. तहसीलदारांसमोर ओळख परेड झाली, मी त्याला पहिल्या नजरेत ओळखलं. मग सुरू झाल्या तारखा. कधी आरोपी हजर नाही, कधी सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात, कधी साहेबांची बदली. अकरा वेळा गेले तेव्हा एकदा साक्ष झाली. त्यात मला विचारलं, शर्टाची कॉलर कुठल्या रंगाची होती? एवढ्या वर्षांनी! आणि सोनं जप्त करताना पोलिसांनी साक्षीदार म्हणून सही घेतलेला पंच फितूर झाला. चहाची गाडी लावणारा माणूस तो. पोलिसांनी सांगितलं म्हणून सही केली, मला काही माहीत नाही, म्हणाला. आरोपी निर्दोष सुटला. बाहेर पडताना माझ्या मनात आलं होतं की त्या दिवशी रंकाळ्यावरच चार माणसांनी याचा हात मोडला असता तर बरं झालं असतं. मी हे मनापासून म्हटलं होतं, म्हणून गर्दीतल्या कुणालाही राक्षस म्हणायला मी धजत नाही.

आणि या शहराला पोरं पळवण्याची भीती उगाच बसलेली नाही. १९९६ साली अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुलींचं लहान पोरं पळवून मारल्याचं प्रकरण उघडकीस आलं तेव्हा माझी मुलगी पाच वर्षांची होती. महाद्वार रोडवर मी तिचं मनगट इतकं घट्ट धरायची की वळ उठायचे. त्या दोघी बहिणींना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं २००१ मध्ये फाशी सुनावली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. पुढे दयेचे अर्ज सरकारदरबारी सात वर्षांहून जास्त पडून राहिले, आणि त्याच दिरंगाईमुळे जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं फाशी रद्द करून जन्मठेप दिली. फाशी असावी की नसावी हा वेगळा वाद. पण ज्या आईबापांची लेकरं गेली त्यांनी पाव शतक काय बघितलं असेल? गल्लीतल्या त्या "सुटून येणार"च्या मागे असे किती तरी निकाल साठलेले आहेत.

तरीही मला गुरुवारचं पचत नाही.

राग आल्यावर लोक नागपूरचं उदाहरण देतात. १३ ऑगस्ट २००४ ला कस्तुरबानगरच्या बायकांनी एका गुंडाला भर कोर्टात संपवलं. त्या बायकांबद्दल मी वावगा शब्द काढणार नाही. वर्षानुवर्षं त्यांच्या तक्रारींना कुणी विचारलं नव्हतं आणि तो माणूस अख्ख्या वस्तीला चेहऱ्यानं, नावानं, केलेल्या कृत्यांनी माहीत होता. आमच्या गल्लीत काय माहीत होतं? एक लिमलेटची गोळी. आमचा गुरुवार राईनपाड्याच्या जवळचा होता. धुळे जिल्ह्यातल्या त्या गावात १ जुलै २०१८ ला, बाजाराच्या दिवशी, मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना याच अफवेवरून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. आमच्या भागात एक सावकार आहे, त्याच्यापायी दोन घरं देशोधडीला लागली हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या दारात चाळीस माणसं कधी गेली नाहीत. हात उचलला जातो तो बोहारणीवर, भिक्षेकऱ्यावर, परगावच्या मजुरावर, ज्याच्यामागे विचारायला कुणी येणार नाही त्याच्यावर.

कायदा आपल्याला काहीच करू देत नाही असंही नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० सांगतं, तुमच्या डोळ्यांदेखत कुणी दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा केला तर साधा नागरिकही त्याला पकडू शकतो, मात्र सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचा. पकडायची मुभा आहे, मारायची नाही. आणि मारल्यानं खरा गुन्हेगार असला तरी खटला आपणच पोखरतो. आरोपीच्या अंगावरच्या जखमा त्याच्याच वकिलाच्या कामी येतात आणि ज्यांनी डोळ्यांनी बघितलं ते साक्षीला येत नाहीत, कारण मारण्यात त्यांचेही हात असतात.

गुरुवारी तेच झालं. मी ११२ ला फोन केला, गाडी आली, बाईला सीपीआर रुग्णालयात नेलं. हवालदारांनी विचारलं, कुणी बघितलं? कोण जबाब देणार? पंच म्हणून कोण थांबतंय? दोन मिनिटांत गल्ली रिकामी. मोबाईल वर धरून शूटिंग करणारे दहा-बारा जण होते, तेही दिसेनात. मला तो चहावाला पंच आठवला. इतकी वर्षं मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. पण प्रत्येक तारखेला त्याचा दिवसाचा धंदा बुडत होता, आणि त्याच्या बाजूनं उभं राहायला आम्ही कुणीच गेलो नव्हतो. मीसुद्धा नाही.

दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत असं विधी आयोगानं १९८७ साली सांगितलं. आज मंजूर जागाच साधारण २१ आहेत, भरलेल्या त्याहून कमी. देशभरात पाच कोटींहून जास्त खटले पडून आहेत. चाळीस वर्षं लढून कोल्हापूरनं मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच मिळवलं, १८ ऑगस्ट २०२५ पासून कामकाज सुरू झालं. वकील, पक्ष, तालमी, सगळे त्यासाठी रस्त्यावर आले होते. तोच जोर खालच्या कोर्टांतल्या रिकाम्या जागांसाठी, साक्षीदाराच्या बुडालेल्या मजुरीसाठी का लावत नाही आपण? चोरीची, मारहाणीची, छेडछाडीची केस तिथंच सुरू होते आणि तिथंच मरते.

बाईचा हात मोडलाय, डोक्याला सात टाके आहेत. काल भेटायला गेले तर मला म्हणाली, "ताई, माझी भांडी कुठं हाईत?" भांडी मी गोळा करून घरी ठेवलीत. चेपलेलं पातेलं ठोकून आणलंय.

उद्या अकरा वाजता मी ठाण्यात जबाब द्यायला जाणार आहे. कुणाकुणाला मारताना बघितलं ते नावानिशी सांगणार आहे, माझ्या विद्यार्थ्याचंही. गल्लीतल्या ज्यांनी शूटिंग केलंय त्यांनी ते डिलीट करू नका, घेऊन या. मी साडेदहापासून कोपऱ्यावरच्या चहाच्या गाडीपाशी थांबलेली असेन.