पोकर हा ‘दुसरा पगार’ नाही: भाच्याला आलेल्या मेसेजला उत्तर

मंगळवारी रात्री साडेदहाला धाकट्या बहिणीचा फोन. “दादा, तू पण खेळतोस ना ते पोकर? मग हे खरं आहे का तेवढं सांग.” पाठोपाठ व्हॉट्सॲपवर एक लांबलचक मेसेज आला. तो भाच्याने तिला पाठवला होता. भाचा 23 वर्षांचा, हिंजवडीत नोकरीला लागून आठ महिने झालेत. त्याला दीड लाखाचं पर्सनल लोन काढून ‘बँकरोल’, म्हणजे पोकर खेळायचं भांडवल, उभा करायचाय. आई नाही म्हणाली, तेव्हा त्याने हा मेसेज पुढे केला आणि वर म्हणाला, “मामा पण खेळतोच की.”

ते शेवटचं वाक्य मला लागलं. कारण मी खेळतो हे खरंच आहे. गेली तीन वर्षं, जमेल त्या शनिवारी, आम्ही सात जण ठाण्यात एका मित्राच्या डायनिंग टेबलवर जाड चादर अंथरून टेक्सास होल्डम हा पोकरचा प्रकार खेळतो. ब्लाइंड 10-20, म्हणजे पत्ते बघण्याआधीच दोघांनी लावायची सक्तीची रक्कम (मोठी ती बिग ब्लाइंड). बाय-इन, म्हणजे बसताना घ्यायच्या चिप्स, 2 हजारांच्या. गणपतीच्या जागरणाला रमी आणि तीन पत्ती खेळत मोठा झालेला मी माणूस, पण पोकरसारखा खेळ मला दुसरा भेटलेला नाही. म्हणूनच हा मेसेज वाचून डोकं फिरलं.

मेसेज थोडक्यात असा: पोकर जुगार नाही, सुप्रीम कोर्टानेच तसं सांगितलंय. तो बुद्धिबळासारखा आहे. गणित येणाऱ्याला महिन्याला 50 हजारांचा ‘दुसरा पगार’ पक्का. खेळाडू एकमेकांशी खेळतात, त्यामुळे कॅसिनो जिंकत नाही, आणि मित्रांत खेळलं तर पैसे ग्रुपमध्येच फिरतात. कमाईवर कर नाही. आणि हरलेले पैसे ही शिकण्याची फी असते, मधेच थांबलात तर भरलेली फी वाया. शेवटी ‘गोव्यात तर सगळं कायदेशीर आहे’ असं म्हणून एका टेलिग्राम ग्रुपची लिंक.

कोर्टाचं आधी उरकतो. सुप्रीम कोर्टाचा जो 1968 चा निकाल सगळे दाखवतात, तो रमीबद्दल आहे. रमीत पत्ते लक्षात ठेवावे लागतात, म्हणून तिच्यात कौशल्याचा भाग मोठा, असं कोर्ट म्हणालं. त्यात पोकरला कुणी प्रमाणपत्र दिलेलं नाही. पोकरबद्दल राज्याराज्यांत एकमत नाही: पश्चिम बंगालच्या जुगार कायद्यातून पोकर वगळलेला आहे, तर गुजरात हायकोर्टाने 2017 मध्ये त्याला जुगारच ठरवलं. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही आहे. आणि ऑनलाइन म्हणाल तर हा वादच संपलाय. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा मंजूर केला, 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. त्यात कौशल्य की नशीब हा प्रश्नच ठेवलेला नाही. असे खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड आहे. नावाजलेल्या भारतीय ॲप्सनी त्याच आठवड्यात पैशांची टेबलं बंद केली. मग ही टेलिग्रामची लिंक कुठे नेणार? तिथे पैसे अडकले तर तक्रार कुठल्या खिडकीवर करणार? भाच्याने याचा विचार केलेला दिसत नाही.

आणि ज्या गोव्याचा दाखला दिलाय, त्या गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनोंत खुद्द गोंयकारांना 2020 पासून प्रवेशबंदी आहे. सरकारने महसूल घेतला, पण आपल्या माणसांना आत जाऊ दिलं नाही. यातून काय समजायचं ते भाच्याने समजून घ्यावं.

आता जे खरं आहे ते कबूल करतो, मनात नसलं तरी. पोकरमध्ये कौशल्य आहे, आणि भरपूर आहे. शिकागो विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेव्हिट आणि कायद्याचे प्राध्यापक थॉमस माइल्स यांनी 2010 च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचे आकडे तपासले. स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच ज्यांना पट्टीचे खेळाडू म्हणून बाजूला काढलं होतं, त्यांनी गुंतवलेल्या पैशावर सरासरी 30 टक्क्यांहून जास्त कमावलं. नुसत्या नशिबाच्या खेळात असं होऊ शकत नाही. हा अभ्यास पोकरवाले सगळीकडे फिरवतात, आणि त्याचंच पुढचं अर्धं वाक्य गिळून टाकतात: बाकीच्या सगळ्यांना सरासरी 15 टक्के तोटा झाला.

ते अर्धं वाक्य भाच्याने भिंतीवर लिहून ठेवावं. पट्टीचे खेळाडू मूठभर होते, बाकीचे हजारोंनी होते. खेळ कौशल्याचा आहे याचा अर्थच हा, की कमी कौशल्याचा माणूस जास्त कौशल्याच्या माणसाला पैसे देतो. आठ महिने यूट्यूबवर व्हिडिओ बघितलेला मुलगा त्यातल्या कुठल्या बाजूला बसतो? बुद्धिबळात कच्चा गडी पक्क्याकडून दहापैकी दहा डाव हरतो आणि त्याला आपली जागा संध्याकाळपर्यंत कळते. पोकरमध्ये कच्चा गडी एखादी रात्र झकास जिंकतो, आणि आपण कच्चे आहोत हे कळायला त्याला दोन वर्षं लागतात. बुद्धिबळाशी तुलना करायची तर हा फरक आधी सांगायला हवा.

‘महिन्याला 50 हजार पक्के.’ गणिताचंच नाव घेतलंय, तर गणितच करू. टेबलावर बसून खेळताना तासाला साधारण 25 डाव होतात. चार शनिवार, पाच-पाच तास, म्हणजे महिन्याला 500 डाव. चांगला खेळाडू दर 100 डावांमागे 10 बिग ब्लाइंड कमावतो असं सढळ हाताने धरू. ऑनलाइनवाले निम्म्यावरसुद्धा खूश असायचे. तर महिन्याचे झाले 50 बिग ब्लाइंड. त्यातून 50 हजार हवे असतील तर बिग ब्लाइंड 1000 रुपयांचा लागेल, आणि आमच्यासारखा 100 बिग ब्लाइंडचा बाय-इन धरला तर नुसतं खुर्चीत बसायलाच 1 लाख लागतील. आता दुसरी बाजू. होल्डममध्ये नुसत्या पत्त्यांच्या लहरीवर होणारी वरखाली दर 100 डावांना 80 ते 100 बिग ब्लाइंड असते. 500 डावांना ती जवळपास 180 ते 220 वर जाते. म्हणजे अपेक्षित कमाई 50 हजार आणि तिच्याभोवतीचा हेलकावा 2 लाखांचा! असा पक्का, चांगला खेळाडूसुद्धा दहातले चार महिने तोट्यात जातो. भाच्याचं कर्ज दीड लाखाचं. एका वाईट महिन्यात ते सगळं जाऊ शकतं, आणि त्यात त्याची काही चूकही झालेली नसेल. बँक मात्र हप्ता मागणारच. 14 टक्के दर धरला तरी पहिल्या महिन्याचं व्याजच 1750 रुपये.

याला पगार म्हणणाऱ्या माणसाने कधी पगारावर घर चालवलेलं नसावं.

‘कॅसिनो जिंकत नाही.’ प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात मध्ये जमलेल्या पैशांतून, टक्केवारी कापली जाते, तिला रेक म्हणतात. पत्त्यांच्या क्लबात तिलाच नाल म्हणतात. 1200 रुपयांच्या पॉटवर 5 टक्के म्हणजे 60 रुपये. पाच तासांत सव्वाशे डाव झाले की साडेसात हजार टेबलावरून गेले. आठ जण पाच-पाच हजार घेऊन बसले असतील तर 40 हजारांतला जवळपास पाचवा हिस्सा कुणीही न जिंकता गेला. कराचं तर एका ओळीत: पत्त्यांतल्या जिंकलेल्या रकमेवर सरळ 30 टक्के, वर सेस, आणि कॅसिनोत एका रात्री लाख जिंकून दुसऱ्या रात्री लाख हरलात तरी तो तोटा वजा होत नाही.

राहिलं ‘मित्रांत पैसे ग्रुपमध्येच फिरतात.’ हे वाक्य ऐकायला निरागस वाटतं. तीन वर्षं मीही ते म्हणत आलोय, म्हणून त्याचा मला जास्त राग येतो.

आमच्या टेबलाचा हिशोब माझ्याकडे असतो. चिप्स मी वाटतो आणि रात्री कुणाचे किती ते मी वहीत लिहितो. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. परवा बहिणीचा फोन ठेवल्यावर पहिल्यांदाच बसून 61 शनिवारांची बेरीज केली. मी 38,400 ने वर. आणखी एक जण 33,600 ने वर. तिसरा 200 रुपयांनी, म्हणजे जागच्या जागी. उरलेले चार खाली: 6,000, 9,500, 15,700 आणि 41,000. आमच्याकडे रेक नाही, त्यामुळे बेरीज बरोबर शून्य येते. पण पैसे फिरलेले नाहीत. ते एका दिशेने वाहत गेलेत, तीन वर्षं, त्याच चौघांच्या खिशातून, बहुतेक माझ्या आणि दुसऱ्या एकाच्या खिशात.

आणि माझे 38,400 तरी कौशल्याचे म्हणावेत का? आमचे साडेसात हजार डाव झाले असतील. वरचंच गणित लावलं तर एवढ्या डावांत नशिबाचा हेलकावा 14 ते 17 हजारांचा निघतो. यातला अर्धा भाग पत्त्यांनी दिलेला असू शकतो. सगळा माझा मानला तरी ताशी 126 रुपये पडतात.

जो 41,000 ने खाली आहे त्याच्याबद्दल सांगतो, कारण ‘शिकण्याची फी’ हा मेसेजमधला सगळ्यात घातक मुद्दा आहे आणि तो मी समोर बसून बघितलाय. पावसाळ्यातली रात्र होती. त्याच्या हातात एक्क्यांची जोडी, माझ्या हातात राजांची. दोघेही पहिल्याच फेरीत ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स पुढे. असा सामना शंभर वेळा झाला तर 81-82 वेळा एक्केच जिंकतात. चौथा पत्ता चौकटचा राजा पडला. त्याने काही चूक केली नव्हती, उलट जे करायला हवं तेच केलं होतं. तो काही बोलला नाही. पाण्याचा ग्लास उचलला, प्यायला नाही, परत ठेवला आणि म्हणाला, “अजून दोन हजार दे.” मग अजून दोन. मग अजून. एरवी तो पत्ते नीट बघून फोल्ड करणारा, म्हणजे डाव सोडून देणारा माणूस, पण त्या रात्री दुरी-सत्तीवरही पॉटमध्ये उतरत होता. पोकरवाले याला टिल्ट म्हणतात. पहाटे तीनला तो 12,000 खाली होता, आणि दर वेळी चिप्स मोजून त्याच्यासमोर सरकवणारा हात माझा होता.

निघताना चपलांच्या रॅकपाशी त्याने मला बाजूला घेतलं. “पुढच्या महिन्यात दिले तर चालतील? शाळेची फी भरायचीय.” मी लगेच हो म्हटलं. तीन आठवड्यांनी पैसे खात्यात आले. दोघांनीही पुन्हा विषय काढला नाही. त्याच्या मुलीच्या वाढदिवसाला मी गेलो तेव्हा तिच्या हातात भेटवस्तू देताना मला नीट हसता आलं नाही.

त्या रात्रीच्या 12,000 रुपयांत तो काय शिकला? बरोबर खेळून हरला आणि मग चुकीचं खेळून आणखी हरला. पहिल्यातून शिकण्यासारखं काही नव्हतं, आणि दुसऱ्यातून जे शिकायचं ते एवढंच की उठून घरी जा. मेसेज नेमकं तेच करू नका म्हणतो! ‘थांबलात तर फी वाया.’ गेलेले पैसे परत आणण्यासाठी अजून पैसे घालायला सांगणारा हा सल्ला हरणाऱ्याच्या भल्याचा असूच शकत नाही. तो फक्त त्याच्यासमोर बसलेल्याच्या भल्याचा आहे. खरी फी भरणाऱ्याला वर्षाअखेरीला गुणपत्रिका मिळते. इथे चौघांनी मिळून तीन वर्षांत 72,200 भरले आणि कुणालाही काही मिळालेलं नाही.

बुधवारी भाच्याशी फोनवर हे सगळं बोललो. त्याने एकच प्रश्न विचारला, आणि तो बरोबर होता. “मग मामा, तू पैसे न लावता का नाही खेळत?”

खेळून बघितलंय. गेल्या वर्षी एकदा राजमा वाटून बसलो होतो. साडेनऊपर्यंत सगळ्यांनी प्रत्येक डावात सगळा राजमा पुढे ढकलला, दहाला टेबल उठलं. ज्याचं काही जात नाही त्याला बिचकवता येत नाही, आणि बिचकवता आलं नाही की पोकरमध्ये उरतं काय? समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे ओळखायचा जो थरार आहे तो त्याला काहीतरी गमावायचं असतं म्हणून आहे. मला खेळ आवडतो आणि तो खेळ मित्राच्या पैशावर चालतो. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांचा मेळ मला अजून घालता आलेला नाही. तसंच सांगितलं त्याला.

या शनिवारी मी दोन गोष्टी टेबलावर मांडणार आहे: एका रात्री एकाला दोनच बाय-इन, आणि वहीतली बेरीज सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची. 41,000 वाला मित्र येणं बंद करेल कदाचित. मीही करेन कदाचित.

बहिणीला वहीच्या शेवटच्या पानाचा फोटो पाठवलाय. भाच्याला शुक्रवारी जेवायला बोलावलंय, तेव्हा वही त्याच्या हातात देणार आहे. लोनचा अर्ज अजून भरलेला नाही, एवढं त्याने आईला सांगितलंय.