पोराला समुपदेशकाकडे नेताय, तुम्ही कधी जाणार?

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. सुतारवाडा, दुधाळीकडच्या माणसांना हे तोंडपाठ आहे आणि २०१९ चा महापूर बघितल्यावर ते असणारच. पण माझ्या शिकवणीतला सहावीतला एक मुलगा नदी पात्रात असतानाही सारखी पातळी विचारतो. चाचणी म्हटली की पोटात कळ. सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. घरी वडील पाऊस वाजला की रात्र जागून काढतात, पोराला यायला जरा उशीर झाला की फोनवर फोन.

"बापावर गेलाय" म्हणून सगळे मोकळे. रक्ताचा थोडाफार वाटा असेलही. पण २०१५ साली स्वीडनमधल्या जुळ्यांच्या कुटुंबांचा अभ्यास आला. जनुकांचा हिशेब वेगळा काढला तरी आईबापांची चिंता मुलांत उतरतेच, असं त्यात दिसलं.

कशी उतरते? १९८५ चा एक प्रयोग मला फार आवडतो. वर्षाच्या बाळांना काचेच्या टेबलावर ठेवलं, काचेखाली जेमतेम फूटभर खोली दिसत होती. पलीकडे आई. आई हसली तेव्हा १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून गेली. आईनं घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही नाही! खड्डा तोच. बोलता न येणारं लेकरू आईच्या तोंडाकडे बघून ठरवत होतं.

आपल्याकडे अडचण वेगळीच. कोल्हापूरच्या गड्यानं भीती वाटते म्हणायचं नसतं. मग ती भीती ओरडण्यातून निघते, आणि समुपदेशकाकडे जातं पोरगं. त्या वडिलांना म्हटलं, "दादा, एकदा तुम्हीच दाखवून या." तर म्हणाले, "मला काय झालंय सर?"

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ गोल्डा गिन्सबर्ग यांनी आई किंवा बाप चिंताविकारानं ग्रासलेली १३६ कुटुंबं घेतली. मुलं तोवर ठीक होती. ज्या घरांत आईबाप आणि मुलं एकत्र बसून चिंता कशी हाताळायची ते शिकली, तिथं वर्षभरात ५ टक्के मुलांना विकार जडला. नुसती छापील माहिती दिलेल्या घरांत ३१ टक्के. चिंता लपवा असं मी म्हणत नाही, पोरांना ती कळतेच. उपचार घ्या, आणि घेतोय हे त्यांना सांगा.

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. गल्लीत कुणाला कळत नाही, तालमीत तर नाहीच.