हेल्पलाइनला फोन लावायला घरात कोपरा कुठं होता?

वादाला तोंड बापूनंच फोडलं. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ आमचा कट्टा भरतो तिथं चहा यायच्या आधीच तो तापला होता. त्याचा पुतण्या नोकरीच्या मुलाखतीला गेला होता. समोरच्या साहेबानं दहावीची मार्कलिस्ट बघितली आणि हसून विचारलं, "कोरोना बॅच का?" पोरगं घरी येऊन जेवलंच नाही.

"२०२१ ला परीक्षा रद्द, निकाल ९९.९५ टक्के," बापू म्हणाला. "तेव्हा सगळे म्हणाले, पोरांचं टेन्शन गेलं. कुठं गेलं? हप्त्यानं फेडतायत. आणि सरकारनं पोरांच्या मनासाठी काय केलं, एक गोष्ट सांगा."

सच्या एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्य शिकलेला. कोरोनाच्या काळात एका हेल्पलाइनवर तो फोन घ्यायचा, त्यामुळे ही टीका त्याला अंगावरच आली. "एक कशाला, चार सांगतो. जुलै २०२० मध्ये केंद्रानं मनोदर्पण सुरू केलं, विद्यार्थी, पालक, शिक्षक सगळ्यांसाठी टोल-फ्री नंबर. सप्टेंबरात किरण ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आली. मुलांसाठी १०९८ तर आधीपासून होताच. नंतर २०२२ मध्ये टेलिमानस, १४४१६, मराठीतसुद्धा बोलतात. नंबर नव्हता असं म्हणू नकोस."

"नंबर होता रे. फोन कुणाचा होता?" हे मास्तर. जावळी खोऱ्यातल्या जिल्हा परिषद शाळेवर आहे, एरवी कमी बोलतो. "माझ्या वर्गात घरटी एक मोबाइल. तो बापाच्या खिशात. बाप घरात, आई घरात, आजी घरात, खोल्या दोन. त्यात सहावीतली पोरगी फोन लावून काय सांगणार, की बाबा दारू पिऊन आईला मारतात म्हणून? बाबा तिथंच बसलेत. आणि रेंज पाहिजे तर टेकाडावर जायचं, तिथं गावातली सगळी पोरं आधीच बसलेली."

सच्या थोडा नरमला, पण हटला नाही. त्याचं म्हणणं, फोन मुलांचे कमी आणि आयांचे जास्त यायचे. तक्रार एकच असायची, पोरगा मोबाइल सोडत नाही. दहा मिनिटं ऐकून घेतलं की खरं बाहेर यायचं. नवऱ्याचं काम गेलंय, गटाचा हप्ता थकलाय, घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. "मोबाइल हे नुसतं निमित्त असायचं. आईचं डोकं शांत झालं तरी पोराचं निम्मं काम होतं. मग हेल्पलाइन फुकट कशी गेली?"

हा मुद्दा मला पटला. मोठ्यांना आधार मिळाला की तो मुलांपर्यंत झिरपतो. पण ज्या घरातलं मोठं माणूसच गेलं, तिथलं काय?

हे बोलायला आणि रेखाताई यायला एकच गाठ पडली. त्या आशा सेविका, वडापाव पार्सल न्यायला थांबलेल्या. ऐकून घेतलं आणि पिशवी कट्ट्यावर ठेवली. म्हणजे आता तासाची निश्चिंती.

"माझे कुटुंब, माझी जबाबदारी, ती कोरोनातली मोहीम आठवतंय का? दारोदार फिरलो आम्ही. घरात माणसं किती, ताप किती, ऑक्सिजन किती, शुगर-बीपी आहे का. सगळे रकाने होते. घरात रडतंय कोण, असा रकाना नव्हता."

मग त्यांनी एका घरातलं सांगितलं. बाप दुसऱ्या लाटेत गेला, मागं दोन मुलं. दोन्ही पालक गेले असते तर राज्याची पाच लाखांची ठेव होती, पीएम केअर्समधून तेविसाव्या वर्षी दहा लाख होते. पण आई जिवंत. म्हणजे वाट एकच, बालसंगोपन योजना, तेव्हा मुलामागं महिना ११०० रुपये. (२०२३ मध्ये ते २२५० झाले. उशिरा का होईना.) "त्यासाठी मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, शाळेचं बोनाफाईड आणि घरासमोर मुलांना घेऊन आईचा फोटो. फोटो मीच काढला. धाकटा उभाच राहीना. त्याला वाटलं, हे फोटो काढून आपल्याला कुठंतरी नेणार. मोठीनं त्याचा दंड घट्ट धरला, तेव्हा निघाला फोटो. वर बाल कल्याण समितीपुढं पोरांना घेऊन साताऱ्याला जायचं, आईचा रोज बुडवून. आता सांगा, हा आधार की परीक्षा?"

कुणी बोललं नाही. बापूनंच मग चहा ताईंच्या पुढं सरकवला.

"पण ताई, पैसे देणं म्हणजे मनाचा इलाज नव्हे," सच्या.

"नव्हेच. पण किराणावाला दारात उभा असला की तुझं समुपदेशन कोण ऐकतंय?"

मास्तर म्हणाला, त्याच्या शाळेचा आधार म्हणजे तांदळाचं पोतं. शाळा बंद असताना पोषण आहाराचं धान्य पालकांना वाटायचं होतं. ते न्यायला कुणी ना कुणी यायचंच. "तांदूळ मोजता मोजता विचारायचो, पोरगं काय करतंय? एक आजी म्हणाली, पोटात दुखतंय म्हणतंय रोज, डॉक्टर म्हणतो काही नाही. मी संध्याकाळी गेलो. अंगणात बसून त्याच्याशी गोट्या खेळलो. तिसऱ्या खेपेला बोललं, शाळा आता कायमची गेली का म्हणून." पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला राज्यानं परवानगी दिली ती १ डिसेंबर २०२१ पासून. मार्च २०२० पासून सात-आठ वर्षांच्या पोरानं ती भीती तेवढे दिवस मनात धरून ठेवलेली. "आणि मला तेव्हा ड्यूटी कुठं? कधी चेकपोस्टवर, कधी रेशन दुकानावर. जमेल तेव्हा जायचो. संचमान्यतेत, म्हणजे शाळेला मंजूर पदांत, समुपदेशक बसतो का कुठं? मीच शिक्षक, मीच कारकून."

माझं मत विचाराल तर महामारीतलं खरं समुपदेशन केंद्र हे तांदळाचा काटाच होता. दारापर्यंत जायला माणसाला काहीतरी काम लागतं. 'मानसिक आरोग्यासाठी आलोय' म्हणून गेलात तर आपल्याकडं दार लागतं. तांदूळ, लस, स्वाध्यायाचा कागद घेऊन गेलात तर बसायला घोंगडं टाकतात. सच्याला हे आवडलं नाही. त्याच्या मते असं म्हणणं म्हणजे सरकारला सूट देणं. गोट्या खेळणारा मास्तर प्रत्येक शाळेला मिळत नाही, आणि आत्महत्येचा विचार करणारं पोर गोट्यांवर भागत नाही, तिथं शिकलेला माणूसच हवा. यावर मास्तरनं लगेच मान डोलावली. "हवाच. पण त्याच्याकडं पाठवायचं कोणाला, हे ओळखायला गावात कोण आहे?"

बापूनं मोबाइल काढून एनसीईआरटीचा सर्व्हे वाचून दाखवला. जानेवारी ते मार्च २०२२, सहावी ते बारावीची सुमारे ३.८ लाख मुलं, त्यातल्या ८१ टक्क्यांनी काळजीचं कारण अभ्यास, परीक्षा, निकाल असं सांगितलं. रेखाताई म्हणाल्या, "हे शाळेत असलेल्यांचं झालं. आईबापाबरोबर ऊसतोडीच्या फडावर गेलं आणि परत आलंच नाही, त्याला कोणी विचारलं?"

मग मुद्दा निघाला की आता काय. मास्तर म्हणाला, शाळेच्या भिंतीवर १४४१६ आणि १०९८ रंगवतो. सच्यानं जागा विचारली. दर्शनी भिंतीवर, सुविचाराच्या फळ्याशेजारी.

"तिथं नको," ताई म्हणाल्या. "सगळ्यांसमोर कोण वाचत उभं राहील? मुलींच्या स्वच्छतागृहात आतल्या बाजूला लिहा. मुलांच्याही. तिथं एकटं असतं माणूस."

"आणि फोन?" बापू.

"फोन माझा घेतील. शाळेच्या वाटेवरच घर आहे माझं."

रंगाचे पैसे बापू देणार असं ठरलं. निळा की लाल यावर सच्या आणि मास्तर पुन्हा भिडले तेव्हा ताई पार्सल घेऊन निघाल्या.