‘घाम आला की खाज येणारच’ म्हणणाऱ्या दादांना उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया वाचली. प्रतिक्रियांच्या चौकटीत उत्तर मावेना, म्हणून इथं लिहिते.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: परकर, नऊवारी, पूर्ण बाह्यांचा ड्रेस-ओढणी, बुरखा असे अंगभर कपडे घेताना पोताइतकंच रंगाकडेही बघा, कच्चा रंग घामात सुटतो आणि काही जणींच्या अंगावर उठतो, असं मी लिहिलं होतं. त्यावर दादांचं म्हणणं असं: ‘ताई, डाईंगचा हौद कधी पाहिलाय का? गुगल बघून लिहिता. सोलापूरच्या उन्हात अंगभर कपडा घातला की घाम येणार, घाम आला की खाज येणारच, रंगाचा काय संबंध? बंदीचे रंग आता मिळतच नाहीत. आमची आई मिठाच्या पाण्यात भिजवायची, रंग पक्का व्हायचा. उगाच गावाच्या धंद्याची बदनामी करू नका.’

आधी हौदाचं. वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत डाईंगमास्तर, माझं शिक्षण टेक्स्टाइल केमिस्ट्रीचं आणि पोटापाण्याचं काम कापडाच्या तपासणीचं. हायड्रोचा (जादा रंग उतरवायच्या पावडरीचा) डबा उघडला की नाकात काय जातं, हे मला गुगलनं सांगितलेलं नाही. एका वाक्यात ‘ताई’ म्हणून मान द्यायचा आणि पुढच्याच वाक्यात अक्कल काढायची, ही कुठली रीत? माझा एखादा आकडा चुकीचा वाटला असता तर तो दाखवायचा होता. तुम्ही एकही दाखवला नाहीत.

आता ते ‘रंगाचा काय संबंध’. घामानं खाज येते, हे नाकारतंय कोण? पण अंगावर उठलेलं सगळं एकाच पोत्यात भरलं की उपाय चुकतो. घामोळं म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढे बारीक पुरळ, चुरचुरतात, गार जागेत राहिलं आणि मोकळे कपडे घातले की दोन-चार दिवसांत जातात. गजकर्णाला गोल कड असते, ती वाढत जाते, मधला भाग निवळत येतो. डॉक्टर तिथली कातडी खरवडून स्लाइडवर कॉस्टिक पोटॅशचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकातून बघतात आणि निदान होतं. मेडिकलमधून स्टिरॉइडचं मलम आणून त्यावर चोळलं की ते पसरतं. परकराच्या नाडीखाली कमरेला पडणारा काळा पट्टा हा बहुतेकदा दाबाचा आणि घासण्याचा असतो. तिथं रंगाला दोष देऊ नका, हे मी मागच्या लेखातच लिहिलं होतं; तुम्ही तिथवर पोचला नसावात.

रंगाची ॲलर्जी या तिन्हींहून वेगळी. ती सगळ्यांना होत नाही, पण जिला आहे तिला कपडा घातल्यावर लगेच काही जाणवत नाही. एक ते तीन दिवसांनी उठतं, जिथं कापड घट्ट बसून घासतं तिथं: मानेच्या कडेला, कोपराच्या आत, मांड्यांच्या आत, कमरेला. काख नीट बघा. काखेच्या मधोमध पुरळ असेल तर संशय डिओवर किंवा पावडरीवर. मध्यभाग मोकळा आणि कडेनं, शिवण लागते तिथं पुरळ असेल तर कापडावर. घामोळं काखेचा नकाशा बघून येत नाही, दादा.

काळा पॉलिस्टर यात सगळ्यात आधी येतो. पॉलिस्टर डिस्पर्स रंगात (पाण्यात जवळजवळ न विरघळणाऱ्या, पॉलिस्टरसाठीच्या रंगात), बंद यंत्रात १३० अंशांना रंगतो. फिक्या छटेला कापडाच्या वजनाच्या अर्धा टक्काही रंग पुरतो, काळ्याला चार-पाच टक्के लागतो. धाग्यात न शिरलेला रंग वर बसून राहतो. तो काढायला लिटरला साधारण २ ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि २ ग्रॅम हायड्रो घालून ८० अंशांना २० मिनिटं कापड फिरवायचं, मग गरम धुणं, मग ॲसिटिक ॲसिड. वाफ, पाणी आणि वेळ वाचवायला नेमकी हीच पायरी गाळली जाते. दिसायला काळा तितकाच काळा, किंबहुना जास्तच गडद, म्हणून गिऱ्हाईकही खूश. घामात मात्र तो वरचा रंग सुटतो आणि अंगभर चिकटलेल्या कपड्यातून दिवसभर कातडीला लागत राहतो. तोच रंग सैल जाकिटाला असता तर कदाचित कुणाला कळलंही नसतं.

जिला केसांच्या काळ्या डायनं किंवा ‘काळ्या मेंदी’नं पूर्वी फोड आलेत, तिनं गडद पॉलिस्टर जास्तच जपून घ्यावं. डायमधल्या पीपीडी नावाच्या रसायनाची ॲलर्जी असलेल्यांना काही डिस्पर्स रंगही सोसत नाहीत.

सुती कापडाचं दुखणं निराळं. रिॲक्टिव्ह रंगात (सुताशी रासायनिक जोड करणाऱ्या रंगात) १०० ग्रॅममधला २० ते ४० ग्रॅम रंग सुताशी न जुळता पाण्याशीच जुळतो. तो सुताला नुसता चिकटलेला असतो, उकळत्याला टेकलेल्या साबणपाण्यातून काढावा लागतो. तिथं एकच थंड पाणी मारून वर फिक्सर (सुटा रंग धरून ठेवणारं रसायन) चढवला की पहिल्या चार धुण्यांपुरतं निभावतं. शिवाय धुणं कमी म्हणजे रंग जोडायला घातलेला सोडा कापडात राहतो. कातडी पाचच्या आसपास पीएचची (पीएच म्हणजे आंबटपणा-खारटपणाचं माप, सातच्या खाली आम्ल, वर अल्कली), आणि हा कपडा नऊ-दहाचा. मग ॲलर्जी नसतानाही चुरचुरतं. कोऱ्या परकरानं पहिल्या दिवशी होणारी आग पुष्कळदा सोड्याची असते, आणि दोन धुण्यांत जाते.

‘संबंध काय’ हे तपासायची प्रमाणित चाचणीच आहे. कृत्रिम घाम बनवतात: लिटरला ५ ग्रॅम मीठ, अर्धा ग्रॅम हिस्टिडीन (एक अमिनो आम्ल), एक द्रावण पीएच ५.५ चं आणि एक ८ चं. रंगीत तुकडा पांढऱ्या कापडाला जोडून भिजवायचा, पाचेक किलोच्या दाबाखाली ३७ अंशांना ४ तास ठेवायचा आणि पांढऱ्यावर किती डाग आला ते राखाडी छटांच्या पट्टीशी ताडून १ ते ५ मध्ये मोजायचं; ५ म्हणजे डागच नाही. ४ आला तर ठीक. २ आलेला कपडा मी अंगाला लावणार नाही.

घरी करायचं तर अर्धा लिटर पाण्यात सपाट अर्धा चमचा मीठ, दोन थेंब व्हिनेगर. जुन्या पांढऱ्या सुती रुमालाचा तुकडा त्यात भिजवून पिळा, कपड्याच्या आतल्या शिवणीच्या जादा कापडावर ठेवा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पाट्याखाली दाबा. ३७ अंशांसाठी ओव्हन नको, एप्रिलमध्ये आपल्याकडची पत्र्याची खोली पुरते. चार तासांनी रुमाल वाळवून उजेडात बघा. पुसट छटा चालेल. रंग ओळखू आला तर तो कपडा दोन-तीनदा वेगळा धुऊन पुन्हा तपासा. सुती असेल तर कापडाला सोसेल तेवढं गरम पाणी घ्या. तरीही सुटत असेल तर आत पांढऱ्या सुताचं अस्तर लावा, किंवा सरळ परत करा.

मिठाचं थोडक्यात. रंगवताना मीठ हौदातल्या रंगाला सुताकडे ढकलतं, पण जोडण्याचं काम सोडा करतो. तयार कपडा मिठात बुडवला की त्या पाण्यात रंग कमी सुटतो, एवढंच. पुढच्या साध्या पाण्यात तो येतोच. आणि मिठानं रंग पक्का होत असता, तर घामातही मीठच असतं.

बंदीचं म्हणाल तर १९९७ पासून आपल्याकडे ७० ॲझो रंगांना (कृत्रिम रंगांच्या एका मोठ्या कुळातल्या) बंदी आहे, खरं. पण ती, हे रंग फुटून बाहेर पडणाऱ्या, कर्करोगाशी संबंध असलेल्या अमाइन्स या रसायनांमुळे. ॲलर्जीसाठी बदनाम असलेले डिस्पर्स ब्लू १०६ आणि १२४ हा वेगळा विषय.

एक मान्य करते. चांगल्या सोलापुरी चादरीला व्हॅट रंग (धाग्यात शिरल्यावर पाण्यात न विरघळणारा होतो तो) देतात, तो धुण्याला आणि घामाला टिकतो, हे मी मागच्या लेखात लिहायला हवं होतं. पण मी चादरीबद्दल बोललेच कुठं? बुरख्याचं पॉलिस्टर बहुतेक सुरतेकडून येतं. त्यात आपल्या गावाची बदनामी कशी झाली, ते तुम्हालाच ठाऊक.

‘कुठल्या दुकानातला परकर’ हेही विचारलंत. नाव लिहिणार नाही. रुमाल तुमच्याकडेही असेल.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही. शेवटून दुसऱ्या ओळीतला तो एक शब्द तेवढा गाळलाय. इथं कॉलेजच्या मुलीही वाचायला येतात.