कुंपणाची अट कुत्रा पाहून घाला, पण घातलीत तर नीट तपासा

निवाऱ्यातला किंवा रस्त्यावरून सोडवून आणलेला कुत्रा दत्तक देणाऱ्या संस्थांच्या अर्जात एक प्रश्न हमखास असतो: घराभोवती पक्के, बंदिस्त कुंपण आहे का? घरात माणसे किती, दिवसभर कुत्र्याजवळ कोण असेल, यांसारख्या प्रश्नांवर सहसा कोणी रागावत नाही. या एका प्रश्नावर मात्र कडवट वाद होतात. अर्जदाराला वाटते की आपल्या प्रेमावर संशय घेतला जात आहे, आणि संस्थेला वाटते की हा माणूस पहिल्याच अटीतून पळवाट शोधतो आहे. दत्तक देण्यापूर्वीच्या पाहणीसाठी स्वयंसेविका म्हणून लोकांच्या घरी जाताना मी दोन्ही बाजूंची गाऱ्हाणी ऐकत आले आहे आणि त्यातून माझे मत पक्के झाले आहे. कुंपणाची अट प्रत्येक कुत्र्यासाठी सरसकट असू नये. परंतु ज्या कुत्र्याला तिची खरोखर गरज आहे, त्याच्या बाबतीत ती कागदावर 'होय' लिहून भागवता येण्यासारखीही असू नये. सध्या बहुतेक ठिकाणी नेमके उलटे घडताना दिसते: अट सर्वांना लावली जाते आणि तपासली कोणाचीच जात नाही.

ही अट मुळात कशासाठी असते, हे आधी नीट लक्षात घ्यायला हवे. नव्याने आणलेला कुत्रा निसटतो तेव्हा लोक म्हणतात की तो घर सोडून पळाला. वास्तविक ते घर त्याच्या लेखी अजून घर झालेलेच नसते. तेथील वास अनोळखी, आवाज अनोळखी, माणसे अनोळखी, आणि अनेकदा त्याला ठेवलेले नावही दोन-चार दिवसांपूर्वीचे, म्हणजे हाक मारून उपयोग नाही. अशा कुत्र्यांसोबत काम करणारे लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा सांगतात: बुजलेपण ओसरायला साधारण तीन दिवस, घराचा दिनक्रम कळायला तीन आठवडे आणि ही आपली माणसे आहेत हे मनात रुजायला तीन महिने. हा शास्त्रीय नियम नव्हे. काही कुत्री आठवड्यात रुळतात आणि काहींना वर्ष लागते. तरीही त्यातून एक गोष्ट समजते की सुरुवातीच्या काळात निसटलेला कुत्रा आपणहून परत येईल ही आशा फोल असते. भेदरलेला कुत्रा ओळखीच्या माणसाच्या हाकेलाही दाद देत नाही, आणि मागे धावले तर तो आणखी दूर जातो. पुढे नाते जुळल्यावर तोच कुत्रा उघड्या फाटकापाशी बसून राहील. पण ते नाते जुळेपर्यंत त्याला आवारात धरून ठेवणारे काहीतरी लागते, आणि ते काम भिंत किंवा जाळी करते.

आता उंचीविषयी. अर्जात सहसा ४ ते ६ फुटांच्या दरम्यानचा एखादा आकडा असतो आणि सारी चर्चा त्या आकड्याभोवती फिरते, कारण उंची टेपने मोजता येते. शांत, मध्यम अंगाच्या कुत्र्याला ४ फूट पुरतात. हस्की किंवा मॅलिनॉ यांसारख्या चपळ, कामसू जातींच्या कुत्र्यांसाठी ६ फूटदेखील कधी कधी अपुरे पडतात. पण माझ्या पाहण्यात तरी कुत्री कुंपणावरून जितकी गेली, त्याहून कितीतरी अधिक खालून, फटीतून आणि उघड्या फाटकातून गेली. कुत्र्याला नवीन आवारात सोडून नुसते पाहत राहिले, तर तो आपल्याहून चांगली पाहणी करतो असे दिसेल. तो वर बघतच नाही. नाक जमिनीला टेकवून कडेकडेने चालत जातो, आणि बाहेरची हवा जिथून आत येते तिथे थांबतो.

एका घरी भिंत उत्तम होती, उंच होती, नव्याने गिलावा केलेली होती आणि यजमानांना तिचा रास्त अभिमानही होता. फाटक मात्र गाडीच्या उतारावर बसवलेले होते. एका टोकाला ते जमिनीला जवळजवळ टेकत होते आणि दुसऱ्या टोकाला त्याखालून माझा हात कोपरापर्यंत सहज बाहेर जात होता. ज्या कुत्रीसाठी ही पाहणी होती ती अंगाने लहान आणि स्वभावाने अतिशय भित्री होती. तिच्यासाठी ती सहा फुटी भिंत शोभेचीच ठरली असती. फाटकाच्या तळाला रबराची जाड पट्टी आणि त्यामागे लोखंडी सळई लावून घ्यावी, एवढीच माझी सूचना होती. ती मंडळी मनापासून हसली, पट्टी लावून घेतली, आणि कुत्री आजही त्यांच्याकडे आहे.

उकरणाऱ्या कुत्र्यांचा विचार वेगळा करावा लागतो. टेरियर जातीची किंवा तसे रक्त असलेली कुत्री मऊ माती मिळाली की पाहता पाहता खड्डा करतात, आणि खांबांमध्ये ताणलेली जाळी जमिनीशी संपत असेल तर तिच्याखालून वाट काढणे त्यांना अवघड नसते. यावर उपाय असा की जाळीचा खालचा दीड-दोन फुटांचा भाग काटकोनात आतल्या बाजूला वळवून जमिनीवर पसरावा आणि त्यावर माती किंवा दगड टाकावेत. कुत्रा नेहमी कुंपणाच्या अगदी पायथ्याशी उकरतो, तिथे त्याच्या पंजांना जाळी लागते, आणि चार पावले मागे सरून तिथून बोगदा काढावा हे त्याला सहसा सुचत नाही. कुंपणाच्या रेषेत काँक्रीट ओतणे हा अधिक पक्का उपाय आहे, पण तो प्रत्येकाला झेपेल असे नाही आणि त्याचा आग्रहही धरू नये.

चढणाऱ्या कुत्र्यांसाठी विणलेल्या तारेची चौकड्यांची जाळी म्हणजे आयती शिडी होते. लाकडी कुंपण असेल तर आडव्या पट्ट्या बाहेरच्या बाजूने असाव्यात, म्हणजे आतून पाय रोवायला आधार मिळत नाही. वरच्या कडेला आत झुकलेली जाळी किंवा गोल फिरणारी नळी लावली की पंजे टेकतात पण पकड बसत नाही. आणि कुंपणाला लागून ठेवलेल्या वस्तू! लाकडाचा ढीग, पाण्याची टाकी, मोठी कुंडी, वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा भाग, बाक. सहा फुटांच्या भिंतीपाशी तीन फुटांची टाकी असेल तर त्या ठिकाणी भिंत तीन फुटांचीच आहे. एवढा साधा हिशेब आहे, पण घरातील माणसांच्या नजरेला त्या वस्तूंची सवय झालेली असल्याने तो त्यांना करावासा वाटत नाही.

फाटकाविषयी मी सर्वांत आग्रही आहे. भिंत एकदा बांधली की ती स्वतःहून उघडत नाही. फाटक दिवसातून अनेकदा उघडते, आणि दर वेळी ते नीट लागेल की नाही हे त्या क्षणी उघडणाऱ्या माणसाच्या घाईवर अवलंबून असते. पार्सल देणारा माणूस, मीटरची नोंद घ्यायला आलेला कर्मचारी, शेजारची मुले, यांपैकी कोणालाही तुमच्या कुत्र्याची भीती किंवा त्याचा पूर्वेतिहास ठाऊक नसतो. म्हणून फाटक स्प्रिंगने आपोआप मिटणारे असावे, कडी आपोआप अडकणारी आणि कुत्र्याच्या नाकाच्या किंवा पंजाच्या आवाक्याबाहेर असावी, आणि कोणी घरी नसताना कुलूप असावे. पळण्याची सवय जडलेल्या कुत्र्यासाठी दुहेरी फाटक सर्वांत चांगले: पहिले बंद केल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही. जागा नसेल तर घराच्या दाराशी लहान मुलांसाठी वापरतात तसे आडवे कवाड लावले तरी बराचसा हेतू साधतो.

जमिनीखाली तार पुरून आणि गळ्यात संवेदक पट्टा घालून जे 'अदृश्य कुंपण' केले जाते, ते नव्या रेस्क्यू कुत्र्यासाठी मान्य करू नये, असे माझे ठाम मत आहे. कुत्रा तारेजवळ गेला की पट्टा आधी आवाज करतो आणि तो पुढे गेलाच तर विजेचा झटका देतो. ससा किंवा मांजर दिसल्यावर जोशात धावत सुटलेला कुत्रा तो झटका सोसून बाहेर पडतो. परत येताना मात्र जोश उतरलेला असतो आणि तोच झटका त्याला घरात येण्यापासून अडवतो. शिवाय ही तार बाहेरच्या आक्रमक कुत्र्याला किंवा चोराला थोपवत नाही, आणि पट्ट्याची बॅटरी संपली की काहीच उरत नाही. आधीच मार खाल्लेल्या जनावराला नव्या घराची ओळख वेदनेतून करून द्यावी, हे तर मला मुळातच पटत नाही. वेल्समध्ये विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांवर २०१० पासून बंदी आहे, आणि ती मला योग्य वाटते.

कुंपण नाही तर साखळीने बांधू, हे उत्तर ऐकले की मी तिथेच पाहणी थांबवते. सतत बांधलेला कुत्रा चिडचिडा आणि भित्रा होत जातो, बाहेरचा कुत्रा आत आला तर त्याला पळून बचाव करता येत नाही, आणि बांधलेल्या अवस्थेत त्याने भिंतीवरून उडी घेतली तर गळफास बसून जीव जाऊ शकतो.

इथवर वाचून कोणाला वाटेल की मी कडक अटीच्या बाजूची आहे. काही कुत्र्यांच्या बाबतीत मी आहेच. ग्रेहाउंडसारखी नजरेने शिकार हेरणारी कुत्री ताशी ६०-७० किलोमीटरचा वेग गाठू शकतात. काही हलताना दिसले की ती क्षणात निघतात आणि हाक कानांपर्यंत पोहोचेस्तोवर दिसेनाशी होतात. वासाच्या मागावर लागलेला बीगल नाक जमिनीवरून उचलत नाही. गुरे-मेंढ्या राखणाऱ्या जातींची कुत्री आपला प्रदेश स्वतः आखतात आणि तो तुमच्या सातबाऱ्याशी जुळेलच असे नाही. आंधळा कुत्रा, बहिरा कुत्रा, आणि याआधी निसटून हरवलेला कुत्रा यांनाही पक्के कुंपण हवेच.

पण सांध्यांनी आखडलेला अकरा-बारा वर्षांचा म्हातारा कुत्रा, माणसाच्या पायाला बिलगून राहणारा गरीब स्वभावाचा कुत्रा, किंवा आयुष्यभर सदनिकेत राहिलेला कुत्रा यांच्यासाठी तीच अट घालून चांगली घरे परत पाठवणे मला अन्यायाचे वाटते. ज्यांच्याकडे अंगणच नाही ते लोक कुत्र्याला पट्टा लावून दिवसातून तीनदा फिरवतात, कारण त्यांना दुसरा मार्गच नसतो. ज्यांच्याकडे मोठे बंदिस्त आवार आहे त्यांच्यापैकी काही जण सकाळी दार उघडून कुत्र्याला बाहेर काढतात, संध्याकाळी आत घेतात, आणि यालाच त्याचा व्यायाम समजतात. एकट्या कुत्र्याला मोठ्या आवारात काही तासांतच कंटाळा येतो. मग तो भुंकतो, उकरतो, जाळीतून रस्त्यावर दिसणाऱ्या प्रत्येक कुत्र्यावर धावून जातो, आणि जाळीमुळे पोहोचता न आल्याने त्याचा राग दिवसेंदिवस वाढत जातो. यासाठी रस्त्याच्या बाजूला आरपार दिसणारी जाळी न ठेवता भरीव कुंपण करणे बरे, पण मूळ उपाय म्हणजे त्याच्याबरोबर कोणीतरी असणे. सदनिका असेल तर गज किंवा जाळी लावलेली बाल्कनी, खिडक्यांना अडसर आणि मुख्य दाराशी आडवे कवाड, एवढे पाहिले म्हणजे पुरे.

कुंपण असो वा नसो, काही गोष्टी सर्वांनाच लागू आहेत. गळ्यातून मागे सरकून निघणार नाही असा पट्टा आणि त्याच्या जोडीला हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा, दोन्हींना वेगवेगळी दोरी, आणि हे पहिले काही महिने स्वतःच्या आवारातसुद्धा. निर्बीजीकरण झालेले असावे, कारण माजावर आलेल्या मादीचा वास लागलेला नर अडथळे जुमानत नाही. कातडीखाली बसवतात ती ओळखीची मायक्रोचिप असावी, पण तिचा १५ अंकी क्रमांक यंत्राने वाचल्यावरच कळतो आणि ती कुत्रा कुठे आहे हे सांगत नाही, त्यामुळे नोंदीतला फोन क्रमांक जुना असेल तर ती असून नसल्यासारखी.

संस्थांना माझी विनंती अशी की अर्जातील 'कुंपण आहे का' हा प्रश्न काढून टाकावा आणि त्याऐवजी कुत्र्याच्या माहितीपत्रकावरच त्याची गरज लिहावी: हा उडी मारतो का, उकरतो का, चढतो का, पूर्वी निसटला आहे का, आणि म्हणून याला काय लागेल. हे त्याला सांभाळणाऱ्या माणसाला दोन आठवड्यांत कळलेले असते. त्यानंतर कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन आवाराची पूर्ण फेरी मारावी, कडी स्वतः उघडून बंद करून पाहावी, आणि छायाचित्रांवर विसंबू नये, कारण छायाचित्र काढणारा माणूस फाटकाखालची फट कधीच टिपत नाही. काही कमी आढळले तर नकार न कळवता दुरुस्तीची यादी द्यावी आणि मुदत द्यावी. अर्जदारांनीही ती यादी मनाला लावून घेऊ नये, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर खांबांच्या बुडाशी माती खचली आहे का हे स्वतःहून जाऊन पाहावे.